उसनी दिलेली दुपार

सोलर बसवायचं मनात आलं की लोक आधी छताकडे बघतात. दक्षिण कुठली, सावली कुणाची, स्लॅब आहे की पत्रा. मला विचाराल तर आधी वीजबिल हातात घ्या आणि त्यावर कुणाचं नाव छापलंय ते वाचा. आपल्याकडे कितीतरी घरांची बिलं गेलेल्या माणसांच्या नावावर येत राहतात. बिल भरलं जातं, लाइट चालू राहते, कुणाचं काही अडत नाही. वीज घेणाऱ्याचं नाव जुनं असलं तरी चालतं. वीज देणारा मात्र हयात लागतो.

आमच्या कराडच्या घराचं बिल तात्यांच्या नावावर होतं. तात्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. घरपट्टी बदलली, बँकेतली खाती बदलली, गॅसचं कार्डसुद्धा बदललं. मीटरकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला, तर पडद्यावर तात्यांचं पूर्ण नाव आलं, आडनावासकट. अनुदान हवं तर अर्जदार, वीजग्राहक आणि बँक खातं या तिन्ही ठिकाणी एकच माणूस लागतो. म्हणजे पॅनेलच्या आधी नावबदल.

हे आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "म्हंजे त्यांचं नाव काढायचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो. जरा वेळानं म्हणाली, "महिन्याला एकदा तरी त्यांच्या नावानं घरात कायतरी येतंय." यावर मला काही सुचलं नाही. दोन-चार दिवस मी विषयच काढला नाही. मग तिनंच विचारलं, "कुठलं कुठलं कागद लागत्यात?"

कागद असे: मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, घरपट्टीची पावती, आधार, आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत. शेवटचं सगळ्यात जड. शंभर रुपयांचा स्टँप पेपर 2024 च्या ऑक्टोबरपासून इतिहासजमा झाला, आता बहुतेक ठिकाणी पाचशेच्या खाली बोलणं नाही. पण खरा खर्च पैशांचा नव्हताच. धाकटा भाऊ चिंचवडला, ताई डोंबिवलीला. भावानं फोनवर हसत हसत विचारलं, "ह्यात घराच्या वाटणीचं काय नाही ना?" हसण्यावारी नेलं तरी प्रश्न प्रश्नच असतो. वीजबिलावर नाव असलं म्हणून कुणी घराचा मालक ठरत नाही, हे कायदा स्पष्ट सांगतो. तरी एकत्र घरात कुठल्याही कागदावरचं नाव बदललं की प्रत्येकाच्या पोटात थोडं हलतंच. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारलं असतं, कदाचित न हसता.

नाव माझं लावायचं असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. ताईनं मोडता घातला. "आईच्या नावावर कर. तिचं घर, तिची गच्ची." एवढं बोलून तिनं फोन दुसऱ्या विषयावर नेला. भावालाही ते पटलं. सही लगेच आली. आणि अशा रीतीनं आई सत्तरीनंतर पहिल्यांदा वीजग्राहक झाली. पुढची सगळी गंमत त्यातून झाली, कारण ओटीपी तिच्या मोबाइलवर यायला लागले. सोलरवाल्याचा पोऱ्या दारात उभा राहून ओटीपी मागायचा आणि ती आधी त्याला कशासाठी हवा ते विचारायची. तो समजावून सांगायचा. नीट समजल्याशिवाय आकडा मिळायचा नाही. त्यामुळे आमच्या घरात या योजनेची सगळ्यात जास्त माहिती आज तिला आहे.

छताचं काम तुलनेनं सोपं. आमचा वापर बघता तीन किलोवॅट पुरे होते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरलं तर महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, एकूण 78 हजार. पुढे कितीही मोठा प्रकल्प लावा, अनुदान तेवढंच. म्हणून गल्लोगल्ली तीन किलोवॅटचीच छपरं दिसतात. पॅनेल देशात बनलेल्या सेलचे असावे लागतात, त्यांना बाजारात डीसीआर म्हणतात, आणि ते साध्यांपेक्षा महाग पडतात. हा हिशेब सोलरवाले पटकन सांगत नाहीत, विचारावा लागतो.

वाद झाला तो उंचीवरून. सोलरवाल्याचा स्वस्तातला सांगाडा पॅनेल गच्चीला जवळजवळ टेकवून ठेवणारा होता. आईचा प्रश्न: मग कुरडया कुठं घालायच्या? चैत्र-वैशाखात आमची गच्ची म्हणजे अर्ध्या गल्लीचं वाळवण. सांडगे, पापड, चिकाच्या कुरडया, मिरच्या. शेवटी डोक्याच्यावर जाईल एवढा उंच सांगाडा केला. लोखंड जास्त लागलं, पैसे वाढले, पण खाली फिरायला जागा राहिली. वाळवणाला आता अर्ध्या गच्चीचं ऊन मिळतं, आणि राखणीला बसणाऱ्या पोरांना सावली. अर्थिंगसाठी अंगणात तीन खड्डे घेतले: एक पॅनेलच्या बाजूचा, एक घरच्या विजेचा, एक गच्चीवरच्या वीजरोधकाचा. शेजारच्यांना वाटलं बोअर मारतोय.

परवानगीच्या बाबतीत आमचं नशीब काळाच्या बाजूनं होतं. आमचा मंजूर भार होता एक किलोवॅट, जुन्या काळातला, चार बल्ब आणि एक पंखा धरून घेतलेला. पूर्वी असं असतं तर आधी भारवाढीचा अर्ज, मग डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, जागा आहे का याची तपासणी, मग पुढचं. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. दहा किलोवॅटपर्यंतच्या छपरांना तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता मिळाली असं मानायचं, आणि लागणारी भारवाढ वीज वितरण कंपनीनंच करायची. हे वाक्य वाचायला रुक्ष आहे. पण सरकारी कागदात 'मान्य समजावे' असं नागरिकाच्या बाजूनं लिहिलेलं आपण कितीदा वाचतो?

मग येतो तो मधला काळ, ज्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. पॅनेल वर चढलेले असतात, इन्व्हर्टर भिंतीवर असतो, ऊन मी मी म्हणत असतं, आणि बटण बंद. कारण नेट मीटर अजून यायचा असतो. तो चाचणी होऊन, सील होऊन येतो. करारावर सह्या होतात, संयुक्त पाहणी होते, पॅनेलचे नंबर नोंदले जातात, ग्राहक आणि सोलरवाला दोघांचा पॅनेलसोबत ठिकाणासह फोटो निघतो. आईनं त्या फोटोसाठी इरकल नेसली.

या काळात लोकांना फार मोह होतो. एवढं ऊन वाया कशाला घालवायचं, करा चालू. तर ते करू नये. नियमात बसत नाही हे एक, आणि दुसरं जास्त मजेशीर आहे. साध्या मीटरला दिशा कळत नाही. कितीतरी इलेक्ट्रॉनिक मीटर उलट्या दिशेनं गेलेली वीजही वापरलेलीच धरतात. म्हणजे तुम्ही दुपारभर गावाला वीज द्यायची आणि मीटरनं ती तुमच्याच बिलात चढवायची. असं करून बसलेली, आणि मग फुगलेलं बिल घेऊन कपाळाला हात लावलेली माणसं मी पाहिली आहेत. नेट मीटर हा खरं तर एवढ्याचसाठी असतो. आलेलं वेगळं मोजायचं, गेलेलं वेगळं.

चालू झाल्यावर पहिला धक्का बसतो तो लाइट गेल्यावर. भर दुपार, वर लखलखीत ऊन, आणि घरात पंखा बंद. शेजारचे काका कंपाउंडवरून ओरडून म्हणाले, "अहो, तुमचं तर सोलर आहे!" ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतः बंद होतो. तसा तो बनवलेलाच असतो. लाइट जाते तेव्हा बऱ्याचदा कुठेतरी एखादा वायरमन खांबावर असतो. त्यानं डीपीवरून लाइन बंद केलेली असते आणि तार मेलेली आहे या विश्वासावर हात घातलेला असतो. तेव्हा आमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज आली तर? बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर लावून घरापुरती वीज चालू ठेवता येते, पण खर्च वाढतो. आम्ही नाही लावली. लाइट गेली की आम्हीही इतरांसारखेच हातपंख्यानं वारा घेतो. काकांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते आम्हाला फसवलंय.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढे कागद केले: क्रेडिट. लोक म्हणतात, "दिवसा जास्तीची वीज साठते, रात्री वापरता येते." साठत काहीच नाही. दुपारी एक वाजता आमच्या छतावर तासाला दोन युनिटांच्या वेगानं वीज बनत असते आणि घरात फ्रिज आणि एक पंखा. उरलेली सगळी मीटरमधून बाहेर पडते आणि लांब कुठेही जात नाही. आमच्याच डीपीवर जी घरं, जी दुकानं त्या क्षणी वीज ओढत असतात, त्यांच्यात ती तिथल्या तिथे संपते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, बहुधा काकांच्या टीव्हीतही. ते तिचे पैसे नेहमीच्या दरानं वीज कंपनीला देतात. आमच्या नावावर जमा होतो तो फक्त एक आकडा.

आणि रात्री आठ वाजता आम्ही तो आकडा परत मागतो तेव्हा दुसरीच कुठलीतरी वीज आमच्या घरात येते. कदाचित चंद्रपूरच्या कोळशाची. कदाचित कोयनेची. आमच्या गावात कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळे कोयनेचा विचार कराडकराच्या मनात आधी येतो. 1960 मेगावॉटचा हा प्रकल्प उपयोगी पडतो तो संध्याकाळच्या मागणीला, कारण पाण्यावरची यंत्रं काही मिनिटांत चालू करता येतात. पण धरणाचं पाणी बेताचं. साठा 105 टीएमसीचा, आणि त्यातलं पश्चिमेला, पोफळीकडे उतरवून वीज करायला कृष्णा पाणीवाटप लवादानं दिलेलं वर्षाला 67.5 टीएमसी. ते एकदा सह्याद्रीखाली उतरलं की वाशिष्ठीतून समुद्राला जातं, परत येत नाही. म्हणजे आम्ही भर दुपारी दिलेलं एक युनिट आणि रात्री घेतलेलं एक युनिट कागदावर सारखे. प्रत्यक्षात पहिल्याला त्या वेळी गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि दुसऱ्यासाठी कुणीतरी धरणाचं दार उघडतं.

जुन्या दरपत्रकांत स्वस्त वेळ होती रात्रीची. कारखान्यांना रात्री दहानंतर सवलत मिळायची, कारण रात्री मागणी पडायची आणि औष्णिक केंद्रं तर बंद ठेवता येत नाहीत. अकोले तालुक्यातलं घाटघरचं 250 मेगावॉटचं केंद्र याच विचारानं बांधलं: रात्रीच्या स्वस्त विजेनं पाणी वर चढवायचं, मागणीच्या वेळी खाली सोडायचं. तिथे खरंच काहीतरी साठतं. आता उलटं झालंय. जुलै 2025 पासून महाराष्ट्रात सवलतीची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच अशी आली, स्मार्ट मीटरवाल्या घरांनासुद्धा. दुपार स्वस्त झाली. ती स्वस्त करण्यात माळरानांवरच्या मोठ्या सौर प्रकल्पांचा वाटा मोठा, आमच्या छपराचा चिमूटभर. पण आहे.

मग जो माणूस स्वस्त वेळेला युनिट देतो आणि महाग वेळेला तेवढंच परत घेतो, त्याचा हिशेब एकास एक किती वर्षं राहणार? 2025 च्या सुरुवातीला वीजदरांच्या प्रस्तावावर राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे सुनावण्या झाल्या, तेव्हा छतावर सोलर असलेल्यांची धास्ती हीच होती. कॅलिफोर्नियात 15 एप्रिल 2023 पासून अर्ज केलेल्यांना बाहेर दिलेल्या युनिटचा मोबदला पूर्वीपेक्षा खूपच कमी झाला. तिथे बरीचशी नवीन छपरं आता बॅटरीसकट बसतात. आमच्या बिलात आजतरी एकास एक आहे. ते टिकावं असं मला माझ्या खिशापुरतं वाटतं. ते कायम टिकेल असं वाटत नाही, आणि टिकलं नाही तर तो अन्यायच, असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. ज्याला गच्चीच नाही, त्याच्या बिलातून तारा, खांब आणि वायरमनचा पगार निघत असताना मी त्याच तारांचा रात्रभर जवळजवळ फुकट वापर करायचा, यात काहीतरी खटकतं. दुसऱ्या बाजूनं, मला दोन लाखांच्या आसपास घालायला लावताना जी अट दाखवली, ती मध्येच बदलू नये एवढी अपेक्षा गैर नाही. जुन्यांना जुनी अट, नव्यांना नवी, एवढं झालं तरी पुष्कळ.

बिल शून्य येतं का, हे सगळे विचारतात. येत नाही. स्थिर आकार असतो, त्यावर कर असतो. युनिटं शून्य होतात, रक्कम नाही. शिवाय जमा युनिटांना वर्षाची मुदत असते, आणि ते वर्ष आर्थिक, एप्रिल ते मार्च. सूर्याचं वर्ष वेगळं. लोकांना वाटतं मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज बनत असेल. मेमध्ये ऊन खूप, पण पॅनेल तापला की दर अंशाला त्याची ताकद सुमारे 0.35 टक्क्यानं उतरते. आमच्याकडे खरी बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये: आभाळ निरभ्र, हवा अजून गार, घरात पंखासुद्धा बेतानं. तेव्हा जमेचा आकडा फुगत जातो आणि बरोबर 31 मार्चला हिशेब मिटतो. उरलेल्या युनिटांचे आयोगानं ठरवलेल्या दरानं पैसे मिळतात, आपण बिलात भरतो त्या दरानं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी, आणि उकाडा सुरू. एप्रिल-मेमध्ये जमवलेलं मात्र पावसाळ्यात कामी येतं. जुलैत कराडला चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा मेच्या दुपारीच घर चालवतात.

बहार म्हटलं खरं, पण त्याच महिन्यांत साखर कारखाने चालू असतात. सकाळी गच्चीवर गेलात तर पॅनेलवर काळी भुकटी. कारखान्यांच्या धुराड्यांची काजळी, शेतात पेटवलेल्या पाचटाची राख. ऊन वर येण्याआधी साध्या पाण्यानं धुवावी लागते. साबण नको, आणि तापल्या काचेवर गार पाणी तर मुळीच नको. हे काम आमच्याकडे आठवड्याला असतं. ज्याला कुणाला वाटतं की सोलर एकदा बसवलं की झालं, त्यानं गळिताच्या हंगामात आमच्याकडे राहायला यावं.

नेट मीटर आल्यापासून आई सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढे उभी राहते. बाण आत दाखवतोय की बाहेर, आकडे किती, वहीत टिपते. सगळ्यात आधी तिनं कपडे धुण्याचं यंत्र दुपारी लावायला सुरुवात केली. मग पाण्याची मोटर. मग इडलीचं पीठही बाराच्या सुमारास वाटायला लागली. मी तिला समजावलं, आपल्याला सध्या काही फरक पडत नाही, दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखंच, तू रात्री वाटलंस तरी तेच. तिला ते हिशेबानं कळलं, पण पटलं नाही. म्हणाली, "घरात साखर आसताना शेजारनं उसनी कशाला आणायची? आणि आपली द्यायची, मग त्यांची घ्यायची. मधी किती हात."

मधे किती हात आहेत हे मी तिला मोजून सांगू शकलो नसतो. डीपी, उपकेंद्र, बिलाचा संगणक, आयोग, धरणाचा दरवाजा. विजेच्या अभ्यासकांना जे लोकांना पटवायला दरपत्रकात सवलती घालाव्या लागतात, ते ती फुकट करते. उद्या हिशेब बदलला तर आमच्या घरात सगळ्यात कमी त्रास तिला होईल.

अनुदानाचे 78 हजार तिच्या खात्यात आले त्या दिवशी तिनं ताईला फोन केला, मला नंतर सांगितलं. त्यातून तिला काय करायचंय ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. भाऊ मला म्हणतो, ते प्रकल्पाचेच पैसे, तुझ्या कर्जात भर. मी गप्प आहे. खातं तिचं आहे.

फोनवरून ऐकून ऐकून ताईनं डोंबिवलीत आपल्या सोसायटीत विषय काढला. पाणी चढवायचा पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे, यांचं सामायिक बिल मोठं येतं, आणि सोसायट्यांनाही सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18 हजारांचं अनुदान आहे. कागद तिच्याकडे तयार आहेत, इथूनच नेलेत. सभेत पहिल्यांदा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की सांगाड्याचे बोल्ट स्लॅबमध्ये मारले की गळती माझ्या हॉलमध्ये होणार. मग कुणीतरी विचारलं, तळमजल्यावरची दुकानं लिफ्ट वापरत नाहीत, त्यांचा वाटा किती धरायचा? मग कुणीतरी म्हणालं, पुनर्विकासाचं बोलणं चालू असताना पंचवीस वर्षांची वस्तू छतावर कशाला? ताईनं आईला फोन लावून विचारलं, तुझ्या वेळी असं कुणी विचारलं होतं का. आई म्हणाली, "तुझ्या भावानंच विचारलं होतं." पुढची सभा गणपतीनंतर ठेवलीय. बोल्टऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, तेवढ्याचं कोटेशन ताई मागवतेय.